लाल दिव्यापाशी

अठ्ठावीसशे डॉलर, कॉफीच्या रिकाम्या डब्यात.
डबा फेंडरवर, बॉनेट उघडं,
आणि मी, एकसष्ट वर्षांची, चष्मा कपाळावर सारून
यादी करते, खोडते, पुन्हा तेच लिहिते.

पाव मैल, अकरा पूर्णांक चार सेकंद.
मला दहाच्या घरात जायचंय.
ओक्मल्गीच्या बाहेर, शनिवारी रात्री,
त्या पट्टीवर जे उभे राहतात
ते बहुतेक ट्रेलरवर गाडी लादून आणतात.
मी चालवत नेते, चालवत आणते.
येताना अंडी घेते.

लूपे अरेदोंदोच्या दुकानात दुसरा ब्लॉक तयार आहे.
आत काय भरायचं ते फक्त मी सांगायचं.
शुक्रवारी दुपारी जुनं उतरणार,
रविवारी रात्री नवं बसलंच पाहिजे.
लूपे म्हणतो, टर्बो घाल, आयव्हा, विषय संपव.
त्याचा पोरगा म्हणतो नायट्रस:
बटण दाबलं की दोनशे घोडे आयते.
आयते खरे. पण पिस्टन ओतीव, अठ्ठ्याहत्तर सालचे.
आयत्या घोड्यांनी तबेलाच उडवला तर?
पाहिलंय मी. ब्लॉक फोडून बाहेर आलेला रॉड,
तेलावर भुकटी टाकत धावणारी चार माणसं,
आणि खोळंबलेली दोनशे, सगळी तुझ्याकडे बघत.

कॉम्प्रेशन वाढवावं,
तर कोपऱ्यावरच्या पंपाचं पेट्रोल तिला पचणार नाही,
चढावर ठकठक करेल, आतून कुणी दार वाजवावं तशी.
मागचे गिअर बदलावे, तर सुटेल बाणासारखी,
पण हायवेवर पंचावन्नलाच कण्हेल.
आणि टल्सा चाळीस मैल.

टल्सा हीच तर गोम आहे.
सोमवार, बुधवार, शुक्रवार, पहाटे साडेपाच.
डेल्मरचं डायलिसिस.
दुसरी गाडी गेल्या हिवाळ्यात विकली
(का ते विचारू नका, बिलं सगळ्यांनाच येतात).

राहता राहिला कॅमशाफ्ट.
कॅटलॉगात तीन, एकाखाली एक.
मला तिसरा हवाय. नऊ वर्षं हवाय.
लूपेकडे उगाच हातात घेऊन उभी राहिलेय,
त्याचे उंचवटे अंगठ्याने चाचपत.
पण तिसरा बसवला की गाडी उभ्या जागी
धड श्वास घेत नाही.
लंगडते, थडथडते, आरशातलं जग हलतं,
ब्रेकचं पेडल दगड होतं.
आणि डेल्मर परतीच्या वाटेवर झोपतो.
हाताला पट्टी, तोंड उघडं, डोकं काचेला.
चार तास रक्त बाहेर फिरवून आणलेला माणूस,
त्याला मी लाल दिव्यापाशी गदागदा हलवू?

पहिला कॅम, मी लिहिलं. शहाणा, गुळगुळीत.
उरलेल्या पैशांत घडीव पिस्टन, रॉडचे बोल्ट,
तेलाचा पंप. जे कुणाला दिसत नाही ते.
कागद त्याच्या सूपच्या वाटीशेजारी ठेवला.

त्याला आता फारसं ऐकू येत नाही,
तीस वर्षं काचेच्या कारखान्यात, भट्टीशेजारी.
यादी वाचली, बोट पहिल्या ओळीवर.
हे कशाला?
तुझ्या झोपेसाठी, मी ओरडून सांगितलं.

मी कुठे झोपतो, म्हणाला, डोळे मिटून घेतो.
कानांना तुझं इंजिन केव्हाच गेलं.
काचेला डोकं टेकलं की दातांत येतं.
पळताना सगळं एकच गुणगुण.
लाल दिव्यापाशी थांबतेस ना,
तेवढ्यात ती शब्द सुटे सुटे बोलते.
इतकी शहाणी करू नकोस तिला.

तिसरा नाही, मी म्हटलं. ब्रेक लागायला हवेत.
मग दुसरा, म्हणाला,
आणि चमचा ठेवून बोटांनी टेबल वाजवलं:
दोन ठोके, एक खाडा, एक ठोका, जरा उशिरा,
पडतोय पडतोय म्हणताना सावरलेला.
हा दुसरा, म्हणाला. बघ, असा.

वारा पाठीशी असला तर दहा पूर्णांक नऊ.
नसला तर नाही.
सूप हिंदकळून कागदावर आलं.
पिस्टनची किंमत पुसली गेली.
असू दे, ती मला पाठ आहे.